दक्षिण आफ्रिका: वर्णभेद गेला, पण मालमत्ता कुणाच्या नावावर?

नकाशा (धागाकर्ता)

एप्रिल १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सगळ्यांना मताचा हक्क मिळाला. त्याला तीस वर्षं उलटली. जागतिक बँकेच्या यादीत उत्पन्नाच्या विषमतेत हा देश आजही सगळ्यात वर आहे, गिनी गुणांक (० म्हणजे सगळ्यांना सारखं, १ म्हणजे सगळं एकाकडे) ०.६३ च्या आसपास. संपत्तीचं चित्र याहून वाईट: वरच्या १० टक्के लोकांकडे ८० टक्क्यांहून जास्त.

या काळात सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणता येत नाही. जमिनीचे दावे, फुकट घरं, कंपन्यांत कृष्णवर्णीयांना भागीदारी (बीईई), मुलांसाठी अनुदान, बिनफीच्या शाळा, सगळं झालं. माझा प्रश्न असा: यातल्या कशामुळे माणसाच्या हातात खरोखर काही पडलं? आणि जिथे पडलं नाही तिथे गाडी नेमकी कुठल्या टप्प्यावर, कुठल्या कागदावर अडली? "भ्रष्टाचार" आणि "इच्छाशक्तीचा अभाव" ही दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण त्यांनी काही कळत नाही. जाणकारांनी खोलात लिहावं ही विनंती.

---

कोरडवाहू

जमिनीपासून सुरुवात करतो, कारण मूळ तिथे आहे. १९१३ च्या नेटिव्ह्ज लँड कायद्यानं बहुसंख्य कृष्णवर्णीयांना देशाच्या जेमतेम ७ टक्के जमिनीवर कोंडलं. १९३६ च्या कायद्यानं ते प्रमाण सुमारे १३ टक्के केलं. पुढे याच तुकड्यांची 'होमलँड' झाली.

१९९४ नंतर तीन वाटा काढल्या. हिसकावलेली जमीन परत देणं (रेस्टिट्यूशन), नव्यानं वाटप (रीडिस्ट्रिब्यूशन) आणि वहिवाटीची कायदेशीर हमी. गोऱ्यांच्या शेतजमिनीपैकी ३० टक्के हस्तांतरित करायची हे उद्दिष्ट आधी पाच वर्षांत गाठायचं होतं, मग मुदत २०१४ झाली, तीही हुकली. २०१७ च्या सरकारी पाहणीनुसार व्यक्तींच्या नावावर असलेल्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के अजून गोऱ्यांकडेच होती.

कुठे अडलं ते सांगतो. सुरुवातीच्या योजनेत कुटुंबाला सुमारे १६,००० रँड (रँड हे तिकडचं चलन) अनुदान मिळायचं. एवढ्यात शेत येत नाही. मग पाच-पन्नास कुटुंबं आपली अनुदानं एकत्र करून एक मोठं फार्म घेत. ते फार्म एका मालकानं, एका यंत्रसामग्रीवर, एका पीककर्जावर चालवायचं म्हणून आखलेलं. खरेदीत सगळे पैसे संपले की बियाणं, डिझेल, पंपाची दुरुस्ती, पहिल्या हंगामाची मजुरी याला हातात दमडी नाही. पहिलाच हंगाम बुडायचा. वरून एकाच शेतावर पन्नास घरांची मतं.

२००६ पासून धोरण बदललं. सरकार स्वतः जमीन विकत घेतं आणि भाडेकरारावर देतं. कागदावर करार ३० वर्षांचा. प्रत्यक्षात अनेकांकडे तात्पुरतं पत्र, काहींकडे तेही नाही. जमीन तारण ठेवता येत नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून पीक कमी, आणि पीक कमी म्हणून अधिकारी म्हणतो, तुम्हाला शेती जमत नाही, करार वाढवणार नाही.

---

उंबरठा

शेवटच्या परिच्छेदाला +१. यावर एक निकालच आहे. वर्षानुवर्षं सरकारी जमीन भाड्यानं कसणाऱ्या एका शेतकऱ्याला ती विकत देण्याचं सरकारनं मान्य केलं होतं, मग धोरण बदललं म्हणून विक्री थांबवली. २०१९ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयानं सरकारला ती विक्री पूर्ण करायला लावली. म्हणजे शेतकरी सक्षम, पैसे द्यायला तयार, जमीन सरकारची, आणि तरी मालकी मिळवायला कोर्टाची पायरी.

---

साधा_प्रश्न

जमीन परत मागण्यासाठी १९१३ हेच वर्ष का? त्याआधी जमीन गेली नव्हती का?

---

दस्तऐवज

@साधा_प्रश्न, गेली होती, फार मोठी गेली होती. पण राज्यघटनेच्या २५ व्या कलमात सीमारेषा १९ जून १९१३ ही आखली, म्हणजे तो कायदा लागू झाला ती तारीख. एकोणिसाव्या शतकातल्या युद्धांत गेलेली जमीन या दाव्यांच्या बाहेरच राहते. तिथे फक्त नव्या वाटपाची वाट उरते.

दावा दाखल करायची मुदत ३१ डिसेंबर १९९८ होती. जवळपास ८०,००० दावे आले, त्यातले बहुसंख्य शहरी. दाव्याचे टप्पे असे: आयोगाकडे अर्ज, प्राथमिक छाननी, राजपत्रात प्रसिद्धी, मग सध्याच्या मालकाशी वाटाघाटी, मूल्यांकन, आणि शेवटी जमीन, पर्यायी जमीन किंवा रोख. घोडं अडायचं राजपत्राच्या पायरीवर. एकदा दावा प्रसिद्ध झाला की मालकाला आयोगाला कळवल्याशिवाय विक्री वा बांधकाम करता येत नाही, त्यामुळे तो वकील लावतो. शिवाय एकाच फार्मवर दोन-तीन समूहांचे दावे निघतात आणि पुरावा काय, तर आजोबांची थडगी, मिशनच्या नोंदी, म्हाताऱ्यांच्या साक्षी. वीस वर्षं गेली की साक्षीदारच उरत नाहीत. शहरात बऱ्याच जणांनी थकून ठरावीक रोख रक्कम घेतली. पैसा घरखर्चात गेला आणि जागा होती तिथेच राहिली.

२०१४ मध्ये मुदत पुन्हा उघडली. नव्या दाव्यांचा ढीग आला. जुने अजून निकाली निघाले नव्हते आणि त्याच जमिनींवर नवे दावे बसू लागले. २०१६ मध्ये घटना न्यायालयानं तो कायदाच रद्द केला. प्रांतांमध्ये लोकांशी नीट सल्लामसलत न करता घाईनं मंजूर केला, हे कारण.

---

बांधावरून

आता 'मोबदल्याशिवाय जमीन' असा कायदा झाला ना? मग प्रश्न सुटेल.

---

दस्तऐवज

इतकं सरळ नाही. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी सही केलेला भूसंपादन कायदा १९७५ च्या कायद्याच्या जागी येतो. शून्य मोबदला त्यात आहे, पण तो आपोआप लागू होत नाही. टाकून दिलेली जमीन, नुसती भाव वाढायची वाट बघत पडून ठेवलेली जमीन अशा काही परिस्थितींत, सार्वजनिक हितासाठी, आणि 'न्याय्य व समतोल' ठरलं तरच. वाद झाला तर कोर्ट आहेच.

आणि माझ्या मते किंमत ही अडचण दुय्यम आहे. जमीनसुधारणेला राष्ट्रीय अंदाजपत्रकाचा १ टक्कासुद्धा मिळालेला नाही. जमीन फुकट मिळाली तरी मोजणी, पाणी, हस्तांतर आणि पहिल्या तीन हंगामांचं भांडवल लागतंच.

---

कोरडवाहू

पाण्याचा मुद्दा बरा काढलात. १९९८ च्या जल कायद्यानं पाणी जमिनीपासून वेगळं केलं. तत्त्व चांगलं. पण फार्म विकत घेताना पाण्याचा हक्क सोबत आला का हे वेगळं तपासावं लागतं. जुन्या मालकानं तो हक्क आधीच दुसऱ्या फार्मकडे वळवला असेल, तर फळबाग हातात येते आणि कालव्याचं पाणी शेजाऱ्याकडे जातं. संत्र्याची बाग एका उन्हाळ्यात हातची जाते. खरेदीखताआधी बघायच्या गोष्टी तीन: पाण्याची नोंद कुणाच्या नावे, थकीत पाणीपट्टी किती, पंप आणि पाइपलाइन खरेदीत धरली आहे का.

महाराष्ट्राशी एक खरा सांधा इथे आहे. आपल्याकडे दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेत भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला ४ एकर जिरायती किंवा २ एकर बागायती जमीन सरकार विकत घेऊन देतं. दुखणं तेच: ठरवलेल्या दरात विकायला तयार मालक सापडत नाही, आणि जो तयार होतो त्याची जमीन बहुधा पडीक असते. तिकडे अशा राजीखुशीच्या खरेदीला 'राजी विक्रेता, राजी खरेदीदार' म्हणत. तत्त्व म्हणून ठेवलं की कुठली जमीन वाटायची हे विक्रेताच ठरवतो.

---

हिशेबनीस

जमिनीवर बरंच झालं. बीईईबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे तिला सरसकट 'तिकडचं आरक्षण' म्हणतात आणि ते चूक आहे.

बीईई म्हणजे राखीव जागा नव्हेत, ती गुणपत्रिका आहे. २००३ चा कायदा, २००७ ची संहिता, २०१३ ची सुधारित संहिता (लागू २०१५ पासून). २०१३ च्या संहितेत मालकी २५ गुण, व्यवस्थापन, कौशल्यविकास, पुरवठादार व उद्योगविकास ४०, सामाजिक खर्च ५. एकूण गुणांवरून १ ते ८ असा स्तर मिळतो. कंपनीवर थेट सक्ती नाही. पण तुमच्याकडून माल घेणाऱ्याला स्वतःच्या गुणपत्रिकेत तुमच्या स्तराप्रमाणे श्रेय मिळतं: स्तर १ कडून घेतलेल्या १०० रँडच्या मालाचे १३५ धरतात, स्तर ४ चे १००, स्तर ८ चे फक्त १०. दाब असा साखळीतून खाली येतो. सरकारशी कधीच व्यवहार न करणाऱ्या छोट्या छापखान्यालासुद्धा मोठं गिऱ्हाईक प्रमाणपत्र विचारतं.

आता मालकीचा हिशेब. उदाहरणादाखल, कंपनीचे २५ टक्के शेअर २५ कोटी रँडचे. घेणाऱ्या कृष्णवर्णीय गटाकडे पैसा नाही, असता तर हा कायदाच लागला नसता. म्हणून एक स्वतंत्र कंपनी काढतात, ती कर्ज घेते, शेअरच तारण. व्याज ११ टक्के धरा: वर्षाला पावणेतीन कोटी. लाभांश ३ टक्के: पाऊण कोटी. दरवर्षी २ कोटींचा खड्डा कर्जात मिळतो. म्हणजे शेअर पहिल्या वर्षी ८ टक्क्यांनी चढला तर हा गट फक्त जागच्या जागी राहतो, आणि पुढे खड्डा चक्रवाढीनं वाढतो. १९९८ मध्ये बाजार कोसळला तेव्हा असे बरेच व्यवहार उलटले: तारण धनकोकडे, गट रिकाम्या हातानं बाहेर.

तगले ते व्यवहार दोन प्रकारचे. एकात विक्रेत्या कंपनीनंच सवलतीत शेअर दिले आणि कर्ज लाभांशातूनच फिटेल अशी आखणी केली. दुसऱ्यात कामगारांचा ट्रस्ट केला. दुसरा मला जास्त पटतो, कारण फायदा दहा-वीस ओळखीच्या नावांवर न थांबता हजारो घरांत जातो.

---

बांधावरून

पण नावापुरते भागीदार दाखवतात, त्याचं काय?

---

हिशेबनीस

त्याला तिकडे 'फ्रंटिंग' म्हणतात. माळी किंवा ड्रायव्हर कागदावर संचालक, त्याला ना सहीचा अधिकार ना लाभांश. २०१३ च्या दुरुस्तीनं हा फौजदारी गुन्हा ठरला: १० वर्षांपर्यंत कैद, कंपनीला उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड. पकडायची खूण सोपी आहे. बँक खात्यावर सही कुणाची, लाभांश कुणाच्या खात्यात जमा झाला, आणि भागीदार बाहेर पडला तर शेअर कुठल्या किमतीला परत जातील, ही तीन कलमं वाचा. तिसऱ्या कलमात 'मूळ किमतीला' असं असेल तर मालकी नावापुरतीच आहे.

छोट्यांसाठी एक गोष्ट मात्र नीट केली. उलाढाल १ कोटी रँडपेक्षा कमी असेल तर तपासनीस लावायची गरज नाही, शपथपत्र पुरतं. पूर्ण कृष्णवर्णीय मालकी असेल तर थेट स्तर १. छोटा धंदा मरतो तो पुढच्या पायरीवर. सरकारी बिल ३० दिवसांत द्यायचा नियम आहे, ते महिनोन् महिने अडकतं. मोठा ठेकेदार तोवर तग धरतो. पगार आणि माल उधारीवर चालवणारा पहिल्यांदा कंत्राट जिंकतो आणि त्याच कंत्राटात बुडतो.

---

पायवाट

भारतीय वंशाच्या लोकांना बीईईचा फायदा मिळतो का?

---

दस्तऐवज

हो. कायद्यातल्या 'ब्लॅक' या व्याख्येत आफ्रिकन, कलर्ड (मिश्र वंशाचे) आणि इंडियन तिघेही येतात, पण २७ एप्रिल १९९४ पूर्वीच्या नागरिकांपुरतंच, किंवा त्यांच्या वंशजांना. नंतर गेलेल्यांना नाही. २००८ च्या कोर्टाच्या निकालानं चिनी वंशाचे जुने रहिवासीही त्यात आले.

अवांतर: कोकणातून केपटाऊनला गेलेली मुस्लिम कुटुंबं यातच मोडतात.

---

निळी_शाई

घरांबद्दल कुणीच लिहिलं नाही. १९९४ नंतर ३० लाखांहून जास्त घरं फुकट दिली गेली, महिना ३,५०० रँडच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना. छोटं पण पक्कं घर, वीज, नळ. जगात फार थोड्या देशांनी एवढं केलंय. तरी संपत्ती का झाली नाही?

एक, जागा. अनुदान घरामागे ठरलेलं आणि त्यातच जमीन, रस्ता, गटार, बांधकाम. खर्च कमी करायची एकच जागा उरते, जमीन. म्हणून घरं शहराबाहेर, बहुतेकदा जुन्या टाउनशिपच्याही (शहराबाहेरच्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या) पलीकडे. वर्णभेदी नगररचनेनं वस्त्यांच्या मध्ये रेल्वे, महामार्ग, खाणींच्या मातीचे डोंगर सोडले होते. नवी घरं त्या नकाशाला धक्का न लावता अजून दूर गेली. अनेक गरीब घरांचा उत्पन्नाचा पाचवा हिस्सा मिनिबस टॅक्सीच्या भाड्यात जातो.

दोन, कागद. लाखो घरांचं मालकीपत्र नोंदलेलंच नाही. क्रम असा: वसाहतीला नगररचनेची मंजुरी, महासर्वेक्षकाचा मंजूर आराखडा, नोंदणी कार्यालयात वसाहतीचं रजिस्टर उघडणं, आणि मगच एकेका घराचं हस्तांतर. घाईत घरं आधी बांधली, रजिस्टर उघडलंच नाही. कधी जमीन दुसऱ्याच सरकारी खात्याच्या नावावर निघते. तोवर मूळ लाभार्थी वारतो किंवा साध्या शपथपत्रावर रोखीनं घर विकून जातो. यादीतलं नाव एक, राहणारा दुसरा.

आणि मालकीपत्र मिळालं तरी ८ वर्षं विकता येत नाही, विकायचं तर आधी प्रांताला देऊ करायचं.

---

दस्तऐवज

@निळी_शाई, ही ८ वर्षांची अट म्हणजे आपला भोगवटादार वर्ग-२. महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या कायद्यानं 'नवीन व अविभाज्य शर्ती'वर परत दिल्या: विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बाजारभावाच्या निम्मा नजराणा. हेतू दोन्हीकडे संरक्षणाचा. परिणामही दोन्हीकडे सारखा: व्यवहार थांबत नाहीत, ते कागदाबाहेर होतात, आणि विकणाऱ्याला बाजारभावाहून फार कमी मिळतं.

---

उंबरठा

इथे असहमत. अट नसती तर पहिल्या आजारपणात सावकारानं घर नेलं असतं. अट काढण्याआधी मालकीपत्र हातात द्या आणि वारसनोंद फुकट करा. गरीब घरात मृत्युपत्र नसतं. नवरा गेला की त्याचे भाऊ दारात येतात आणि बायको, जिच्यामुळे घर मिळालं, ती रस्त्यावर. मालकीपत्रावर सुरुवातीलाच दोघांची नावं घातली तर अर्धे तंटे मिटतील.

---

निळी_शाई

दोघांची नावं, हे पटलं. मी अट काढा म्हणत नव्हते, पण प्रांतानं ठरावीक दिवसांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरावं, एवढं तरी हवं.

---

शाळेची_घंटा

धागाकर्त्यानं विचारलं की हातात काय पडलं. माझं उत्तर, अनुदान. १९९८ मध्ये मुलांचं अनुदान सुरू झालं: महिना १०० रँड, ७ वर्षांखालच्या मुलाला. आता वय १८ आणि २०२४ ला रक्कम ५३०. मोठी युक्ती म्हणजे पैसे मुलाच्या मागे जातात, मूल सांभाळणाऱ्याला मिळतात. आई, आजी, मावशी, कुणीही. खाणीत दूर गेलेल्या बापाच्या पगारपत्रकावर ते अवलंबून नाही. पात्रतेची उत्पन्नमर्यादा अनुदानाच्या दहापट, म्हणजे २०२४ ला एकट्या पालकाला महिना ५,३००, जोडप्याला दुप्पट. अनुदान वाढलं की मर्यादा आपोआप वाढते. हे सूत्र आपल्या योजनांनी उचलायला हवं. आपल्याकडे उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं तीच राहते आणि माणसं गरीब असूनही बाहेर पडतात.

सुरुवातीला अडलं ते जन्मदाखल्यापाशी. सगळ्यात गरीब, होमलँडमधल्या मुलांकडे तोच नव्हता. पुढे शपथपत्र किंवा शाळेचा, दवाखान्याचा कागद चालू लागला. पैसे बँक कार्डावर आले तशी दुसरी गळती सुरू झाली: त्याच खात्यातून कर्जाचे हप्ते, मोबाइल रिचार्ज, विमा परस्पर कापले जाऊ लागले. मुलांच्या अनुदानातली वजावट बंद करायला नियम बदलावे लागले.

मर्यादाही सांगते. २०२४ मध्ये नुसत्या पुरेशा अन्नासाठीची दारिद्र्यरेषा ७९६ रँड होती. अनुदान तिच्याही खाली. पोट टेकवतं, पण शिल्लक पडत नाही.

शाळांचं: २००७ पासून गरीब भागांत फी नाही. पण सधन शाळांना फी घ्यायची मुभा आहे आणि त्या पैशातून त्या जादा शिक्षक नेमतात. सरकारी शिक्षक दोन्हीकडे जवळपास सारखे, वर्गात मुलं मात्र एकीकडे पंचवीस, दुसरीकडे पन्नास. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत चौथीतली ८१ टक्के मुलं अर्थ समजून वाचू शकली नाहीत. पहिली तीन वर्षं मातृभाषा आणि चौथीला एकदम इंग्रजी, हे एक मोठं कारण.

काय चाललं तेही माहीत आहे. नॉर्थ वेस्ट प्रांतात सेत्स्वाना वाचनाचा प्रयोग झाला: रोजचा तयार पाठ, पायरीपायरीची पुस्तकं, आणि महिन्यातून एकदा वर्गात येऊन शिक्षकाशेजारी बसणारी मार्गदर्शक. नुसतं हॉलमध्ये प्रशिक्षण दिलेल्या शिक्षकांपेक्षा या वर्गांतली मुलं स्पष्ट पुढे गेली. कमी पडतात त्या मार्गदर्शक. दर महिन्याला खेड्यातल्या शाळेत जायला गाडी आणि पगार लागतो, आणि काटछाटीत पहिला घाव तिथेच बसतो.

---

साधा_प्रश्न

म्हणजे वर्णांमधली दरी थोडी कमी झाली, पण एकूण विषमता तशीच, असं कसं?

---

हिशेबनीस

कारण आता विषमता प्रत्येक वर्णगटाच्या आतही वाढलीय. सरकारी नोकरी, बीईई, चांगली शाळा यांतून मोठा कृष्णवर्णीय मध्यमवर्ग उभा राहिला. बाकीच्यांसाठी नोकरीच नाही: अधिकृत बेरोजगारी ३० टक्क्यांच्या वर, १५ ते २४ वयोगटात ६० च्या आसपास. इतके लोक पगाराबाहेर असतील तर नुसता किमान वेतनाचा दर वाढवून विषमता हलत नाही.

---

नकाशा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या मूळ प्रश्नावर परत येतो. पैसा महिन्याला पोचतो तिथे गळती कमी. मालकी द्यायची वेळ आली की प्रत्येक ठिकाणी शेवटचा कागद अडलाय: भाडेकरार, मालकीपत्र, शेअर परत जायचं कलम. जमिनीचा असा एखादा दावा आहे का, जो शेवटच्या कागदापर्यंत पोचला आणि टिकलाही?

---

कोरडवाहू

माकुलेके. क्रूगर अभयारण्याच्या उत्तर टोकाचा पाफुरी भाग, सुमारे २४,००० हेक्टर. १९६९ मध्ये तिथल्या लोकांना उठवून अभयारण्य वाढवलं. १९९८ मध्ये तडजोड झाली आणि मालकी त्यांच्या सामूहिक संस्थेच्या नावे नोंदली गेली. लोकांनी तिथे राहायला वा नांगरायला न जाता जमीन अभयारण्यातच ठेवायची असं ठरवलं, व्यवस्थापन उद्यान खात्याबरोबर संयुक्त समितीकडे, आणि पर्यटन निवासांचे करार खासगी चालकांशी.

त्या करारांत बघण्यासारखी गोष्ट ही की गावाचा हिस्सा नफ्यावर नाही, उलाढालीवर ठरवला. नफा खर्च दाखवून शून्य करता येतो, उलाढाल लपवणं अवघड. शिवाय स्थानिकांना नोकरी आणि प्रशिक्षणाची अट. करोनात पर्यटन थांबलं तेव्हा उत्पन्नही थांबलं, ही त्यातली कच्ची बाजू. जमीन मात्र त्यांच्याच नावावर राहिली.

सामूहिक संस्थांच्या बाकीच्या अनुभवाबद्दल वेगळं लिहावं लागेल. सभासदांची यादी अद्ययावत नसणं, वार्षिक सभा न होणं, हिशेब न मांडणं, १९९६ च्या कायद्याखालच्या बहुतेक संस्था तिथेच आजारी पडतात. उद्या सवडीनं लिहितो.